आठवण पुसणारे औषध नेमके काय अडवते?

गोल थाळी संथपणे फिरते आहे. तिच्यावर उंदीर. थाळी फिरत राहिली तरी खोलीच्या एका ठरावीक दिशेचा पट्टा कायम धोक्याचा असतो. तिथे पाय पडला की विजेचा सौम्य झटका बसतो. आजूबाजूच्या खुणा पाहून उंदीर तो पट्टा ओळखायला शिकतो आणि टाळू लागतो.

ब्रुकलिनमधील सुनी डाउनस्टेट वैद्यकीय केंद्रात टॉड सॅक्टर, आंद्रे फेंटन आणि सहकाऱ्यांनी हा धडा शिकलेल्या उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात ‘झिप’ हे औषध सोडले. उंदीर बेधडक त्या पट्ट्यात शिरू लागले. महिनाभर जुनी आठवणही टिकली नाही. २००६ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या या निष्कर्षाने मेंदूविज्ञानात खळबळ माजली.

झिपचा रोख होता ‘पीकेएम-झीटा’ या विकरावर. या कुळातली विकरे इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून त्यांचे काम बदलतात. एरवी त्यांच्या क्रियाशील जागेवर त्यांच्याच रेणूचा एक भाग झाकणासारखा बसलेला असतो. पीकेएम-झीटाला तो भागच नाही, त्यामुळे ते सतत चालू राहते; आठवण टिकते ती त्यामुळेच, असा अंदाज होता. झिप म्हणजे त्या झाकणाची प्रयोगशाळेत बनवलेली नक्कल.

२००७ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत यादिन दुदाई यांच्या गटाने चवीची आठवण तपासली. सॅकरिनच्या गोडीनंतर मळमळ अनुभवलेले उंदीर ती चव टाळतात. मेंदूच्या इन्सुला भागात झिप देताच ही नावड गेली. मात्र तोच धडा ते पुन्हा शिकू शकत होते.

मग २०१३ मध्ये धक्का बसला. अमेरिकेतील दोन स्वतंत्र गटांनी पीकेएम-झीटाचे जनुकच काढलेले उंदीर तयार केले. त्यांची स्मृती ठणठणीत होती. त्याहून अडचणीची बाब म्हणजे झिपने त्यांच्याही आठवणी पुसल्या. ज्याला अडवायचे ते विकरच नाही, तर औषध अडवत होते कोणाला?

२०१६ मध्ये सॅक्टर यांच्या गटाने उत्तर मांडले: जनुक नसलेल्या उंदरांत ‘पीकेसी-आयोटा/लॅम्डा’ हे जवळचे विकर त्या कामाची जागा भरून काढते आणि झिप त्यालाही अडवते. पुरावा म्हणून त्यांनी पीकेएम-झीटाची निर्मितीच रोखणारा रेणू वापरला. साध्या उंदरांची दीर्घकालीन स्मृती त्याने बिघडली, जनुक नसलेल्यांची नाही. औषधाचा परिणाम नेमक्या लक्ष्यामुळेच झाला, हे ठरवायला लक्ष्यच नसलेला प्राणी किती मोलाचा, ते इथे दिसते.

हीच कसोटी २०२४ च्या संशोधनातही लावली गेली. प्रथिने ठरावीक काळाने झिजून जातात, मग आठवण वर्षानुवर्षे कशी टिकते? या अभ्यासानुसार ‘किब्रा’ हे प्रथिन शिकताना बळकट झालेल्या चेतापेशींमधल्या जोडण्यांवर पीकेएम-झीटाला धरून ठेवते, आणि जुने रेणू गेले तरी नवे त्याच जागी येऊन बसतात. किब्रा आणि पीकेएम-झीटा यांची ही जोडी फोडणाऱ्या औषधाने साध्या उंदरांच्या महिनाभर जुन्या आठवणी गेल्या; पीकेएम-झीटा नसलेल्या उंदरांवर मात्र त्याचा परिणाम झाला नाही.