मनाची ढवळाढवळ

बहुतेक मैदानी खेळांत खेळाडूला विचार करायला फुरसत मिळत नाही; गोल्फमध्ये ती नको तितकी मिळते. अंगावर येणारा चेंडू फलंदाजाला क्षणार्धात निर्णय घ्यायला लावतो, आणि त्या घाईतच त्याचे एक प्रकारचे संरक्षण असते. गोल्फचा चेंडू मात्र गवतावर निश्चल पडून राहतो, त्याला कोणी अडवत नाही की हिसकावून नेत नाही, आणि फटका केव्हा मारायचा हे सर्वस्वी खेळणाऱ्याच्या मर्जीवर असते. अठरा होलांची एक फेरी चार-साडेचार तास चालते, प्रत्यक्ष फटका जेमतेम दीड सेकंदाचा, आणि उत्तम खेळाडूच्या सत्तर फटक्यांची बेरीज केली तरी ती दोन मिनिटांच्या फारशी पुढे जात नाही. बाकीचा सारा वेळ चालण्यात, थांबण्यात आणि स्वतःच्या मनाच्या सहवासात काढायचा असतो. सकाळी ज्याच्या हातून एकही फटका वाकडा जात नव्हता, तो माणूस दुपारी होत्याचा नव्हता कसा होतो, या प्रश्नाचा उलगडा त्या मोकळ्या वेळातच शोधावा लागतो.

याचे सर्वांत प्रसिद्ध, आणि माझ्या मते सर्वांत अन्यायाने वाचले गेलेले, उदाहरण म्हणजे ग्रेग नॉर्मनचे. अमेरिकेतील जॉर्जिया संस्थानात ऑगस्टा नॅशनल या क्लबावर दरवर्षी एप्रिलमध्ये मास्टर्स स्पर्धा होते. चार दिवसांच्या चार फेऱ्या, आणि ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी तो विजेता. १९९६ साली एकेचाळीस वर्षांच्या या ऑस्ट्रेलियन खेळाडूने पहिली फेरी ६३ फटक्यांत पुरी करून त्या मैदानावरील विक्रमाची बरोबरी केली, आणि शनिवारी संध्याकाळी इंग्लंडच्या निक फाल्डोवर त्याची सहा फटक्यांची आघाडी होती. अशी आघाडी म्हणजे निकाल जवळजवळ लागल्यासारखाच. रविवारी, १४ एप्रिलला, दोघे एकाच जोडीत खेळायला उतरले.

पहिल्या आठ होलांतच आघाडी झिजू लागली होती. नवव्या होलवर नॉर्मनचा चेंडू ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, पुढच्या काठाशी पडला, क्षणभर रेंगाळला आणि उतारावरून घरंगळत पुन्हा खाली आला. तिथे एक फटका गेला, दहाव्यावर आणखी एक गेला. अकराव्यावर चेंडू भोकात घालण्याची चांगली संधी होती; पण तो हलका फटका, ज्याला पट म्हणतात, भोकाच्या पुढे गेला आणि परतीचा छोटा पटही हुकला. बारावा होल अवघा दीडशे-एकशे पंचावन्न यार्डांचा, समोर रेज् क्रीक नावाचा ओढा. नॉर्मनचा चेंडू काठावरून ओघळत पाण्यात गेला. चार होलांत पाच फटक्यांची खोट आली, आणि बारावा संपला तेव्हा फाल्डो दोन फटक्यांनी पुढे होता. अखेरीस फाल्डोचे ६७, नॉर्मनचे ७८. सहाची आघाडी जाऊन पाच फटक्यांचा पराभव.

‘कच खाल्ली’ असा निवाडा दुसऱ्याच दिवशी जगभर जाहीर झाला. परंतु त्या दिवसाचे चित्रण बारकाईने पाहणाऱ्याला भित्रेपणापेक्षा निराळेच काही दिसते. चेंडूपाशी उभा राहिल्यावर नॉर्मन काठीवरची बोटे पुनःपुन्हा सोडत होता आणि पुनःपुन्हा बसवत होता. ही पकड त्याने वर्षानुवर्षे, हजारो वेळा, लक्षही न देता घेतलेली होती. त्या दिवशी मात्र ती बरोबर आहे ना याची खात्री त्याला दर फटक्यापूर्वी करून घ्यावीशी वाटत होती. कौशल्य नाहीसे झाले म्हणावे, तर त्याच दुपारी पंधराव्या होलवर त्याने ग्रीनच्या बाहेरून मारलेला नाजूक फटका केसाच्या अंतराने भोकाबाहेर राहिला आणि तो हताशपणे जमिनीवर कोसळला. एवढा सुंदर फटका ज्या हातांनी मारला, ते हात तासाभरापूर्वीच निकामी झाले होते असे कोण म्हणेल?

मग बिघडले काय? दफ्तरात पंचवीस वर्षे मुरलेला कारकून तालुक्याचा जमाखर्च एकटाकी लिहीत असतो; पण वरून तपासणी येणार असा हुकूम सुटला की मामलेदारसाहेब स्वतः त्याच्या शेजारी खुर्ची टाकून आकड्या-आकड्याची रुजुवात घेऊ लागतात, आणि जिथे कधी खाडाखोड झाली नव्हती तिथे पानोपानी शाईचे डाग पडतात. फटक्याचे तसेच आहे. शिकताना खांदे, मनगट, गुडघे यांच्याकडे जाणीवपूर्वक लक्ष द्यावे लागते; सरावाने हा कारभार जाणिवेकडून काढून शरीराच्या हवाली होतो आणि एका अखंड हालचालीत मिसळून जातो. दडपण आले की मन घाबरून तो ताबा परत मागते. त्यामागचा हेतू चांगलाच असतो, चूक होऊ नये एवढाच. पण अखंड हालचालीचे पुन्हा सुटे तुकडे होतात आणि लय मोडते. म्हणून मला वाटते, की ज्याला आपण हिंमत कमी पडली म्हणतो ती पुष्कळदा काळजी अधिक घेतल्याची शिक्षा असते.

हे केवळ निबंधकाराचे अनुमान नव्हे. रिच मास्टर्स या मानसशास्त्रज्ञाने (आडनावाचा स्पर्धेशी संबंध नाही) १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नवशिक्यांना पट मारायला शिकवले. काहींना फटक्याच्या तपशीलवार सूचना दिल्या. काहींना सूचना तर दिल्याच नाहीत, उलट सराव करताना मनाला येतील ती अक्षरे मोठ्याने उच्चारायला लावली, जेणेकरून मनाला नियम गोळा करण्याची सवडच मिळू नये. पुढे पैशाचे आमिष आणि परीक्षकाची नजर असे दडपण आणल्यावर सूचना घोकलेल्यांची प्रगती खुंटली, अक्षरे बडबडणाऱ्यांची चालूच राहिली. शियन बायलॉक आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००४ साली तर असे दाखवले, की नवशिक्याला सावकाश, अचूक मारायला सांगितले तर त्याचा पट सुधारतो, आणि कसलेल्या खेळाडूला चटकन मारायला सांगितले तर त्याचा. ‘घाई करू नकोस’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला म्हणजे सगळ्यांना लागू पडणारे औषध नव्हे तर!

दडपण केवळ शेवटच्या दिवशीच असते असेही नाही. प्रत्येक होलसाठी अपेक्षित फटक्यांची संख्या ठरलेली असते, तिला पार म्हणतात. त्याहून एक कमी ती बर्डी, एक जास्त ती बोगी. डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइट्झर यांनी २०११ साली व्यावसायिक खेळाडूंच्या पंचवीस लाखांहून अधिक पटांचा हिशेब मांडला, तेव्हा असे दिसले की सारख्याच अंतरावरून बर्डीसाठी मारलेले पट पार राखण्यासाठी मारलेल्या पटांपेक्षा थोडे कमी यशस्वी ठरतात. शेवटच्या बेरजेत दोन्ही फटक्यांचे मोल एकच. पण पदरचे जाण्याची धास्ती माणसाला कमाईच्या आशेपेक्षा अधिक सावध करते. जगातले निष्णात खेळाडूही या हिशेबी भ्रमातून सुटत नाहीत, याची मला तरी गंमत वाटली.

यावर उपाय म्हणून खेळाडू ठरावीक क्रम पाळतात: चेंडूमागे उभे राहून रेषा पाहायची, एकदोनदा काठी हलवायची, श्वास सोडायचा आणि मारायचे. त्यामुळे मनाला काहीतरी निरुपद्रवी काम मिळते. पुण्यात जन्मलेला गोल्फपटू अनिर्बन लाहिरी विपश्यना करतो. २०१५ साली कोरियात प्रेसिडेंट्स कप स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी, अठराव्या ग्रीनवर, त्याचा चारेक फुटांचा पट भोकाची कड चाटून बाहेर राहिला, तेव्हा कोणतीही साधना ही हमी नव्हे हे उघडच आहे. तरीही हुकलेला फटका पुढच्या फटक्यापाशी सोबत न नेणे, एवढे तरी शिकता येते.

ते रोरी मॅकिलरॉयला शिकायला चौदा वर्षे लागली. २०११ च्या मास्टर्समध्ये, एकविसाव्या वर्षी, चार फटक्यांची आघाडी घेऊन तो शेवटच्या दिवशी उतरला. दहाव्या होलवर त्याचा चेंडू डावीकडच्या झोपड्यांपर्यंत भरकटला, तीन फटके गेले, बाराव्यावर चार पट लागले आणि फेरी ८० वर संपली. १३ एप्रिल २०२५ ला तो पुन्हा आघाडीवर होता, आणि पहिल्याच होलवर त्याने दोन फटके गमावले. तेराव्यावर सोपा वाटणारा चेंडू ओढ्यात घातला. अठराव्यावर पाचेक फुटांचा पट घातला असता तर स्पर्धा तिथेच संपत होती. तो हुकला, आणि जस्टिन रोझशी प्ले-ऑफ, म्हणजे बरोबरी सोडवणारी जादा खेळी, ओढवला. दोन दोन फटके गमावण्याचा प्रसंग त्या आठवड्यात त्याच्यावर चार वेळा आला, आणि असे होऊनही मास्टर्स जिंकलेला त्याआधी दुसरा कोणी नव्हता. प्ले-ऑफसाठी परत निघताना त्याचा कॅडी, म्हणजे काठ्या वाहणारा साथीदार, आणि बालमित्र हॅरी डायमंड त्याला एवढेच म्हणाला, की सोमवारी सकाळी कुणी ही स्थिती देऊ केली असती तर आपण ती घेतलीच असती. पकड, खांदे, पाण्याचा ओढा यांतले काहीही त्याने काढले नाही. काही मिनिटांनी त्याच अठराव्या होलवर मॅकिलरॉयचा दुसरा फटका भोकापासून तीनचार फुटांवर येऊन थांबला, आणि या खेपेस त्याचा पट आत गेला.