तिसरा मजला, लिफ्ट नाही, शेअर सर्टिफिकेट आहे

पहिलं घर शोधायला निघालेल्या जोडप्याला पुण्यातला एजंट साधारण दोन तऱ्हेची घरं दाखवतो. एक शहराच्या वेशीबाहेर, नुसते खांब उभे राहिलेल्या टॉवरमधलं. दुसरं कोथरूड, सहकारनगर किंवा कर्वेनगरात, १९८० च्या दशकात बांधलेल्या तीन-चार मजली इमारतीतलं वन बीएचके. या दुसऱ्या घराबद्दल काकांपासून ऑफिसातल्या मित्रापर्यंत प्रत्येकाचं मत तयार असतं, आणि बहुतेक मतं ऐकीव असतात. ज्याची भीती घातली जाते ते पुष्कळदा किरकोळ निघतं. पैसे अडकतात ते ज्याचा कोणी विषयही काढत नाही अशा जागी.

‘रेरा नंबर नाही, म्हणजे गडबड आहे’

महारेराचं काम सुरू झालं १ मे २०१७ ला. नोंदणी बंधनकारक झाली ती तेव्हा अपूर्ण असलेल्या आणि पुढे येणाऱ्या प्रकल्पांना. १९८६ साली लोक राहायला आलेल्या इमारतीला नंबर नसणारच, त्यात काळंबेरं काही नाही. मागायचं ते भोगवटा पत्र आणि महापालिकेने मंजूर केलेला नकाशा. आता खरी मेख अशी, की जुन्या इमारतींपैकी कित्येकांकडे पूर्ण भोगवटा पत्र कधी आलेलंच नसतं. लोक तीस-तीस वर्षं राहतात, कर भरतात, पण तो एक कागद नाही. नकाशा हातात घेऊन घरात फिरलं की आणखी एक गोष्ट कळते. ‘हॉल किती मोठा आहे बघा’ असं ज्याचं कौतुक चाललेलं असतं, त्यातला तीन-चार फुटांचा पट्टा म्हणजे आत घेतलेली बाल्कनी असते.

क्षेत्रफळाचंही तेच. जुन्या करारनाम्यातला चौरस फुटांचा आकडा बहुधा बिल्टअपचा असतो. रेराची कार्पेटची व्याख्या बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळते. दर कार्पेटवर आणि आकडा बिल्टअपचा, असा हिशेब सर्रास मांडला जातो. टेप घेऊन जा आणि खोल्या स्वतः मोजा.

‘शेअर सर्टिफिकेट नावावर आहे, म्हणजे तोच मालक’

इथे थोडं थांबायला हवं.

पहिला प्रश्न विचारायचा तो इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, हा. नावाच्या पाटीवर जाऊ नका. ‘अमुक अपार्टमेंट’ लिहिलेली इमारत सहकारी सोसायटी निघू शकते आणि उलटही. सोसायटी असेल तर १९६० चा सहकारी संस्था कायदा लागू, आणि सभासदाकडे शेअर सर्टिफिकेट असतं. अपार्टमेंट असेल तर १९७० चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतंच, डीड ऑफ अपार्टमेंट असतं आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. पुण्यात हा दुसरा प्रकार पुष्कळ आहे.

शेअर सर्टिफिकेट सभासदत्व सांगतं. मालकी सांगतो तो नोंदणी झालेला करारनामा, आणि तोही एकटा नाही. बिल्डरकडून पहिल्याने घेतलं, पहिल्याकडून दुसऱ्याने, अशी सगळी साखळी मूळ कागदांसकट हवी. सर्टिफिकेटची पुढची बाजू सगळे बघतात, फोटोही तिचाच पाठवतात. उलटून मागची बाजू बघावी. तिथे हस्तांतराच्या नोंदींचे रकाने असतात: तारीख, नव्या सभासदाचं नाव, खाली अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या. त्या तारखा करारनाम्यांच्या तारखांशी जुळवल्या की मधला एखादा गायब व्यवहार लगेच उघडा पडतो.

आणि नॉमिनी. वडील वारले, सोसायटीच्या फॉर्मवर मुलाचं नाव नॉमिनी म्हणून होतं, सोसायटीने सर्टिफिकेट त्याच्या नावावर केलं, आता तो विकायला निघालाय. घर त्याचं झालं का? नाही. सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा, एवढंच नॉमिनेशनने ठरतं. २०१६ च्या इंद्राणी वाही प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सोसायटीने नॉमिनीचं नाव लावावं असं सांगितलं, पण वारसांचा हक्क त्यामुळे बुडत नाही, तो त्यांनी वेगळा सिद्ध करावा, हेही त्याच निकालात आहे. हिंदू कुटुंबात वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर त्यांच्या स्वकष्टार्जित घरात त्यांची पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई, सगळ्यांचा सारखा वाटा. तेव्हा ‘बहिणीचं काही म्हणणं नाही हो’ या वाक्यावर चहा प्यावा, पैसे देऊ नयेत. सांगलीला दिलेल्या त्या बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, किंवा विक्रीच्या करारावर तिची सही हवी.

‘बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद क्लिअर’ हा याच गैरसमजाचा धाकटा भाऊ. बँकेचा वकील बँकेसाठी काम करतो. स्वतःचा वकील लावून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्या. सगळ्या व्यवहाराच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

‘जुनं घर, म्हणजे वरखर्च नाही’

अर्धं खरं आहे. जुन्या, पूर्ण झालेल्या घराच्या खरेदीवर जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर तो परवडणाऱ्या गटात १ टक्का आणि एरवी ५ टक्के लागतो. मात्र मुद्रांक शुल्क सुटत नाही. पुण्यात स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार धरून ते ७ टक्के होतं, मुंबईत ६. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत. नवरा-बायकोच्या संयुक्त नावाला ती मिळत नाही.

४५ लाखांचं घर धरू. मुद्रांक शुल्क ३ लाख १५ हजार, नोंदणी फी कमाल मर्यादेइतकी म्हणजे ३० हजार. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते, आणि या किमतीत मुद्रांक-नोंदणीचा खर्च धरत नाहीत. म्हणजे ३६ लाख बँकेचे, ९ लाख आपले, वर ३ लाख ४५ हजार रोख. एजंटचं कमिशन, वकील आणि डागडुजी वेगळी. ‘दहा टक्के जमले की घर घेता येतं’ असं सांगणारे हा हिशेब करत नाहीत. शिवाय शुल्क रेडी रेकनरचं मूल्य आणि करारातली किंमत यांपैकी जास्त असेल त्यावर बसतं, म्हणून करारात किंमत कमी दाखवून फारसं वाचत नाही. उलट तेवढंच कर्ज कमी मिळतं. बँक इमारतीचं वयही बघते: आजचं वय आणि कर्जाची मुदत यांची बेरीज तिच्या मर्यादेत बसली नाही तर वीस वर्षांऐवजी बारा-पंधराच वर्षं मिळतात आणि हप्ता फुगतो. ही मर्यादा बँकेगणिक वेगळी आहे, टोकन देण्याआधी विचारून घ्यावी.

सोसायटीचं हस्तांतर अधिमूल्य महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. त्यावर ‘देणगी’ मागितली जाते, ती सक्तीची नाही. सक्तीची नसलेली देणगी देणारे पुष्कळ आहेत, कारण पुढे त्याच जिन्यात राहायचं असतं.

‘घर लहान, तर मेंटेनन्सही लहान’

सोसायटीत असं होत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, जिन्यातली वीज, कार्यालयीन खर्च, सगळ्या सदनिकांना सारखं. साडेतीनशे फुटांचा आणि आठशे फुटांचा सभासद तिथे एकाच रांगेत. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड मात्र बांधकाम खर्चाच्या प्रमाणात, वर्षाला किमान ०.७५ आणि ०.२५ टक्के. अपार्टमेंटमध्ये खर्च अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटतात, म्हणून लहान घरवाल्याला तिथे थोडी सूट पडते.

मेंटेनन्स कमी असण्याचं मला तर कौतुक नाही, उलट संशय येतो. महिना सहाशे रुपये घेणाऱ्या चाळीस वर्षांच्या सोसायटीने गच्चीचं वॉटरप्रूफिंग कशातून केलं असेल? केलेलंच नसतं. मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद मागा आणि सिंकिंग फंडात किती शिल्लक आहे ते बघा.

‘जुनी इमारत लवकरच रिडेव्हलपमेंटला जाईल’

या आशेवर दहा-दहा लाख जास्त मोजणारे लोक आहेत. एजंट ‘बोलणी चालू आहेत’ म्हणतो, आणि बोलणी खरोखर चालूच असतात, कधी कधी एक पिढीभर. २०१९ च्या शासन निर्णयाने पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते हे खरं. अडतं दुसरीकडे.

पहिलं, कन्व्हेयन्स. पुष्कळ सोसायट्यांच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ जमीनमालकाचं नाव आहे; बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून दिलीच नाही. मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, पण तो अर्ज कोणीतरी करायला हवा. दुसरं, रस्ता. मुंबई वगळता बहुतेक राज्याला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटवर टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, वापरता येत नाही. टीडीआर नाही म्हणजे वाढीव बांधकाम तोकडं, आणि मग बिल्डर एकदा येऊन बघून जातो तो परत फिरकत नाही. पेठांमधल्या आणि जुन्या कॉलन्यांमधल्या कितीतरी गल्ल्या सहा मीटरच्या आहेत. तिसरं, तळमजल्यावरचा दुकानदार, पण त्याच्याबद्दल लिहायला वेगळा लेख लागेल.

आज आहे त्या अवस्थेत पंधरा वर्षं राहायला चालेल का, हा प्रश्न स्वतःला विचारून किंमत ठरवावी. चाळिशीत तीन जिने चढता येतात. आई-वडील सोबत राहायला येणार असतील तर हिशेब निराळा.

‘चाळीस वर्षं झाली, आता पडायला आली’

आरसीसी इमारतीचं आयुष्य वर्षांपेक्षा पाण्यावर ठरतं. ओल सळईपर्यंत पोहोचली की ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो आणि वरचं सिमेंट ढकलून पाडतो. म्हणून ताजा रंग लावलेला हॉल बघून उपयोग नाही. पार्किंगमध्ये जाऊन वर बघा: तुळईच्या खालच्या कडेला सळईच्या रेषेतच सरळ तडा गेलाय का, पोपडे उडून तांबूस सळया दिसताहेत का. संडास-बाथरूमच्या खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत बघू द्या म्हणावं. शेजारी सहसा दाखवतात, आणि माहितीही एजंटपेक्षा खरी देतात. शक्य असेल तर घर जुलै-ऑगस्टमध्ये बघावं.

उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. अहवाल मागा. ‘ऑडिट कशाला, बिल्डिंग ठणठणीत आहे’ असं उत्तर आलं, तर स्वतःच्या खर्चाने इंजिनियर घेऊन जा. गच्चीची आणि बाहेरच्या पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, घरातल्या मोरी-संडासाची सभासदाने. वरच्या मजल्यावरचं घर गळतं म्हणून स्वस्त मिळत असेल, तर निधी असलेल्या सोसायटीत तो सौदा वाईट नाही.

पार्किंगबद्दल दोनच ओळी. बिल्डरला स्टिल्ट पार्किंग वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. विकणारा ‘पार्किंग माझं आहे’ म्हणत असेल तर सोसायटीचं वाटपपत्र बघावं, आणि ते तुम्हाला मिळणार का हे सचिवांकडून लेखी घ्यावं.

नोंदणी झाली की संपलं, असंही पुष्कळांना वाटतं. सभासदत्वाचा अर्ज लगेच द्यावा. सोसायटीने तीन महिन्यांत निर्णय कळवायचा असतो. विकणाऱ्याकडून मिळकतकर, वीज आणि सोसायटी या तिन्हींच्या थकबाकी नसल्याचे कागद शेवटचा चेक देण्याआधीच घ्यावेत, कारण मिळकतकराची थकबाकी घराला चिकटते, माणसाबरोबर जात नाही. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला करपात्र मूल्यात ४० टक्के सवलत आहे. तुमच्या नावाच्या पहिल्या बिलात ती उतरलेली दिसली नाही, तर क्षेत्रीय कार्यालयात पीटी-३ अर्ज भरून द्यावा आणि पोच घ्यावी.