कार्डाची मुदत आणि परतीची वाट



मार्गशीर्ष लागला की सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांची कुलुपे निघतात. अमेरिकेत मुलामुलींकडे राहणारे आईवडील तिकडच्या थंडीला कंटाळून इकडे येतात. घराची डागडुजी, शेताचा खंड, एखादे लग्न, कुलदैवताचे दर्शन उरकतात आणि उन्हाळा सरता सरता परत जातात. यांच्यापैकी पुष्कळांजवळ अमेरिकेतील कायम वास्तव्याचे कार्ड असते. सारेजण त्याला ग्रीन कार्ड म्हणतात. ते दहा वर्षांनी बदलावे लागते. नेमकी ती मुदत इकडे असताना संपली, किंवा नव्या कार्डाचा अर्ज तिकडे पडून असतानाच इकडे यावे लागले, तर परत जाता येते काय? हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारण्यात आला आहे की आज त्यावरच बोलावे असे ठरवले.

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. कार्ड निराळे आणि हक्क निराळा. सातबाराचा उतारा जुना झाला म्हणून आपली जमीन कोणी काढून घेत नाही. नवा काढावा लागतो, एवढेच. तसेच दहा वर्षांच्या कार्डावरील तारीख उलटली म्हणून कायम रहिवाशाचा दर्जा संपत नाही. दर्जा टिकतो, पण तो दाखवायला पुरावा राहत नाही. आणि विमानतळावर सारा व्यवहार पुराव्याचाच. (लग्नाच्या नात्याने नुकतेच मिळालेले दोन वर्षांचे कार्ड ही वेगळी गोष्ट. तो दर्जाच सशर्त असतो आणि अट काढण्याचा अर्ज वेळेत न केल्यास तोच जातो.)

नूतनीकरणाचा अर्ज 'आय-९०' या नमुन्यावर, मुदतीपूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो. अर्ज पोहोचल्याची पावती येते. तिच्यावरच जुन्या कार्डाची मुदत वाढवल्याचे छापलेले असते. २०२२ पासून ही वाढ २४ महिन्यांची होती; सप्टेंबर २०२४ मध्ये ती ३६ महिन्यांची करण्यात आली. जुने कार्ड आणि ही पावती अशी जोडी हाती असली म्हणजे परतीच्या प्रवासाला ती पुरते. पण जोडी हवी. कित्येकजण मूळ पावती मुलाच्या टेबलाच्या खणात ठेवतात आणि मोबाईलमध्ये तिचे छायाचित्र घेऊन येतात. त्यावर विसंबू नये. शिवाय बोटांचे ठसे देण्याचे बोलावणे येऊ शकते आणि त्याला अमेरिकेतच हजर व्हावे लागते. तेव्हा तो सोपस्कार आटोपून निघालेले बरे.

आता अर्ज न करताच इकडे आलात आणि कार्ड इथेच संपले, तर? अमेरिकेच्या सीमा-खात्याने विमान कंपन्यांना दिलेल्या मार्गदर्शिकेत लिहिले आहे की, दहा वर्षांचे कार्ड मुदत उलटलेले असले तरी अशा प्रवाशाला नेल्याबद्दल कंपनीला दंड होणार नाही. मात्र खिडकीवरच्या माणसाने ती मार्गदर्शिका वाचलेली असतेच असे नाही. माझ्या एका मावसभावाला मुंबईच्या विमानतळावर असेच ताटकळावे लागले. वरिष्ठ येऊन नियम पाहीपर्यंत विमानाची वेळ टळत आली होती, आणि वहिनी तोवर सामानाच्या गाडीवर बसून रामरक्षा म्हणत होत्या. त्या मार्गदर्शिकेचा उतारा छापून जवळ ठेवावा.

कार्ड हरवले असेल तर मात्र मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलात गाठावी लागते. 'आय-१३१ए' या अर्जावर ती पासपोर्टात प्रवासापुरता परवाना चिकटवून देते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या घराघरांत शिरले. तो प्रसंग आठवला म्हणजे कागद कोणत्या मजल्यावर ठेवावेत हे वेगळे सांगायला नको.

इथवर कार्डाविषयी झाले. खरा धोका काळाचा आहे. बाहेरचा मुक्काम सलग वर्षाहून अधिक झाला, तर मुदत शिल्लक असलेले कार्डही प्रवेशाला चालत नाही, आणि पावतीही नाही. सहा महिन्यांहून, नेमके म्हणजे १८० दिवसांहून, अधिक राहिलात तर १९९६ च्या दुरुस्तीनुसार तुम्ही नव्याने प्रवेश मागणारे ठरू शकता आणि चौकशी कडक होते. वर्षातून एकदा पंधरा दिवस तोंड दाखवून आले की झाले, अशी एक समजूत आपल्याकडे पसरली आहे. ती चुकीची आहे. वहिवाट तिकडे आहे की इकडे, हे अधिकारी पाहतो : घर कोठे, कर कोठे भरता, परतीचा हेतू काय. मोठा मुक्काम होणार हे आधी ठाऊक असेल, तर पुनःप्रवेशाचा परवाना मागावा. तो सामान्यतः दोन वर्षांचा मिळतो, परंतु अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो.

याबाबत इग्नात्झ मेझेई या माणसाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. तो १९२३ पासून २५ वर्षे बफेलो शहरात राहिला. १९४८ मध्ये मरणोन्मुख आईला भेटण्यासाठी तो रुमानियाला निघाला. तिकडे प्रवेश मिळाला नाही, आणि हंगेरीत तो १९ महिने अडकून पडला. १९५० मध्ये न्यूयॉर्कला परतला तेव्हा सुरक्षिततेचे कारण पुढे करून, ते कारण काय हे न सांगताच, त्याला एलिस बेटावर रोखण्यात आले. दुसरा कोणताही देश त्याला घेईना. मार्च १९५३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, हा माणूस दारात नव्यानेच उभा असल्यासारखा आहे, म्हणून त्याला सुनावणीचा हक्क नाही. पंचवीस वर्षांची वहिवाट एकोणीस महिन्यांपुढे फिकी पडली. ऑगस्ट १९५४ मध्ये तो सुटला. त्याच्या प्रकरणात गुप्त आरोपांचा भाग होता, हे खरे. तरी आईच्या आजारपणासाठी निघालेल्या माणसाची गोष्ट आपल्याला परकी वाटत नाही.

अडकणे आपल्या हातात नसते. मार्च २०२० मध्ये भारताने परदेशी विमाने थांबवली तेव्हा हे अनेकांनी अनुभवले. आवाक्याबाहेरच्या कारणाने वर्ष उलटले, तर परतणाऱ्या रहिवाशाचा 'एसबी-१' हा व्हिसा मागता येतो. पण ते कारण सिद्ध करावे लागते. मांडीचे हाड मोडून मिरजेच्या दवाखान्यात पडून राहिलात, तर दाखल झाल्याचे आणि सोडल्याचे कागद, डॉक्टरांची तारखेसह चिठ्ठी, रद्द केलेले तिकीट, सारे जपून ठेवा.

आणखी एक गोष्ट विशेषतः वडीलधाऱ्यांसाठी. तिकडे उतरल्यावर अधिकाऱ्याला शंका आली, तर तो कधीकधी 'आय-४०७' नावाचा कागद पुढे करतो. हक्क आपखुशीने सोडत असल्याचा तो लेख आहे. प्रवासाने थकलेला माणूस, लवकर बाहेर पडावे म्हणून, न वाचता सही करतो. ती सही करण्याची सक्ती नाही. नकार दिला तर प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जाऊ शकते आणि तेथे आपले म्हणणे मांडता येते. इंग्रजी नीट कळत नसेल तर आधी मराठी दुभाषा मागावा, आणि तो मिळेपर्यंत पेन हाती घेऊ नये.