गवंड्याचा हात आणि चिमूटभर हिराकस

विष म्हटले की मात्रा आली. थोडे पोटात गेले तर थोडे बाधते, फार गेले तर फार, असा आपला साधा हिशेब. पण बांधकामावर आणि कारखान्यांत काही द्रव्ये अशी आहेत, की ती हा हिशेब मानीत नाहीत. वर्षानुवर्षे त्यांचा उपद्रव जाणवत नाही. आणि शरीराने एकदा त्यांच्याशी वैर धरले, की कणभर स्पर्शही पुरतो.

मी त्वचारोगांचा डॉक्टर. हे वैर मला सर्वांत अधिक दिसते ते गवंड्यांच्या हातांवर. बोटांना भेगा, मनगटापर्यंत इसब, आणि खाज अशी की डोळ्याला डोळा लागत नाही. प्रश्नही ठरलेला : "डाक्टरसाहेब, वीस वरसं सिमिटात हात हाय. तवा काय झालं न्हाई, आन् आत्ताच कसं बाधलं?"

"मामा, वीस वर्षं हात सिमेंटात होता, म्हणूनच!" मी सांगतो.

चुनखडी आणि माती सुमारे 1450 अंश उष्णतेच्या भट्टीत भाजून सिमेंट बनते. कच्च्या मालात क्रोमियम धातूचा लेश असतो. भट्टीत त्यातला काही भाग पाण्यात विरघळेल असे रूप घेतो. ओले सिमेंट चुन्यासारखे दाहक. ते कातडीचे कवच झिजविते आणि क्रोमियमला वाट मिळते. आत ते शरीरातल्याच प्रथिनांना चिकटते. कातडीतल्या पहारेकरी पेशी या परक्याची वर्दी जवळच्या लसिकाग्रंथींत पोचवितात आणि त्याला ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींची पलटण तयार होते. बाहेर मात्र काहीच दिसत नाही! पुढे क्रोमियम पुन्हा शिरले, की एक-दोन दिवसांत ही पलटण चालून येते. तेच ते इसब. ही ओळख बहुधा जन्मभर पुसत नाही.

निदान सोपे आहे. पाठीवर पोटॅशियम डायक्रोमेटची पट्टी 48 तास ठेवायची. वैर असेल तर तेवढीच जागा लाल होऊन फुगते. योसेफ याडासोन या जर्मन वैद्याने 1895 साली ही तऱ्हा दाखविली.

अवघड आहे ते पुढचे. मलमाने दाह शमतो, वैर शमत नाही. आणि थापीचे कसब हीच ज्याची इस्टेट, त्याला 'काम सोडा' म्हणायचे कसे? एका कंत्राटदाराने कळवळ्याने कातडी हातमोजे दिले, तर इसब दुणावले. कारण चामडेही बहुधा क्रोमियमनेच कमावलेले असते!

यावर तोड निघाली ती डेन्मार्कमध्ये. 1981 पासून तेथील सिमेंटात हिराकस मिसळू लागले. होय, शाई आणि रंगकामात वापरतात तेच हिराकस. त्यातले लोह क्रोमियमचे रूप पालटते, मग ते पाण्यात फारसे विरघळत नाही आणि कातडीत सहसा शिरत नाही. काही वर्षांतच तेथील कामगारांत या इसबाचे प्रमाण पुष्कळ घटले. 2005 पासून युरोपीय संघाने दहा लाख भागांत दोन भाग ही मर्यादा घातली.

वैर जडलेला हात पूर्ववत करण्याची विद्या आम्हा डॉक्टरांजवळ नाही. वैर जडू न देण्याची मात्र आहे. तेव्हा वाचकहो, घर बांधायला काढाल तेव्हा गवंड्यासाठी आत अस्तर असलेले रबरी हातमोजे आणि हात धुण्यास स्वच्छ पाण्याची बादली, एवढा खर्च अंदाजपत्रकात अवश्य धरा.