धरणाचे वय

कोयनेचे दरवाजे उचलल्याची बातमी आली की बोरगाव-बह्याकडचा शेतकरी नदीवरची मोटार वर ओढण्याच्या घाईला लागतो. आणि गावातला नोकरदार फेसाळते पाणी पाहावयास जाण्याचा बेत आखतो. धरण एकच, पण एकाला धास्ती, दुसऱ्याला सहल!

कोयना कराडला कृष्णेस मिळते आणि तेच पाणी आपल्या वाळवा तालुक्यात येते. म्हणून 103 मीटर उंचीच्या आणि सुमारे 105 अब्ज घनफूट पाणी अडविणाऱ्या या धरणाची प्रकृती हा आपल्या घरचाच विषय आहे. त्याची साठी आता उलटून गेली आहे.

असले धरण उभे राहते ते स्वतःच्या वजनावर. पाणी त्याला पुढून ढकलते आणि पायाखाली शिरून वर उचलू पाहते. हा खालचा दाब कमी व्हावा म्हणून धरणाच्या पोटात निचऱ्याची छिद्रे आणि भुयारी वाट ठेवलेली असते. तेथे झिरपणारे पाणी नेमाने मोजावे लागते. थोडे झिरपणे हा रोग नव्हे. ते एकाएकी वाढले, गढूळ झाले किंवा छिद्रे बुजून थांबले, तर मात्र वैद्याला बोलवावयास हवे.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंपाने कोयनेची परीक्षा घेतली. कोयनानगर उद्ध्वस्त झाले. धरण टिकले, परंतु त्याच्या पाठीचा उतार जेथे एकदम बदलतो त्या पातळीस भेगा पडल्या. पुढे पाठीमागून काँक्रीटचे भक्कम टेकू देण्यात आले; कालांतराने सांडव्याचा भागही बळकट केला गेला. म्हणजे धरणाचे आयुष्य त्याच्या जन्मतारखेवर नव्हे, तर डागडुजीवर मोजावे. 12 जुलै 1961 रोजी फुटलेले पानशेत तर पुरते बांधूनही झालेले नव्हते. ऐंशी वर्षांहून जुने खडकवासला त्याच्या लोंढ्याने फुटले.

शिवसागरात नाव चालते, धरणाजवळच्या बागेत मुले बागडतात, याचा आम्हांला आनंदच आहे. कष्टकऱ्याच्या पोरानेही तेथे एक दिवस हसतखेळत घालवावा. मात्र भोंगा वाजल्यावर पात्रात उभे राहून फोटो काढणे ही मौज नव्हे.

आम्ही आयुष्यभर कामगारांत वावरलो, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. भुयारात पाणी मोजणारा, दरवाजाच्या साखळदंडाला वंगण घालणारा, भर पावसात रात्रपाळीला जागणारा माणूस सहलीला गेलेल्यांना दिसत नाही. यंत्रे कितीही आली तरी त्यांचे आकडे वाचणारा जाणता हात लागतोच. 2021 साली धरण सुरक्षेचा कायदा झाला. तपासणी त्याने बंधनकारक केली. पण कायदा काही वंगण घालीत नाही. तपासणीत काय आढळले, दुरुस्ती झाली काय, आणि ते काम करणारी माणसे पुरेशी आहेत काय, हे नदीकाठच्या प्रत्येक ग्रामसभेने विचारले पाहिजे. हे तीन प्रश्न विचारीत राहणे हीच आपल्या वाट्याची राखण होय.