ओल्या ट्रॅकवरच्या छोट्या गाड्या

जपानच्या तामिया कंपनीने १९७९ साली 'रफ रायडर' आणि 'सँड स्कॉर्चर' या रिमोटवरच्या दोन बग्ग्या बाजारात आणल्या. त्यांच्या पोटात एक पारदर्शक बंद डबा होता. रिसीव्हर आणि सर्वो त्या डब्यात बसायचे, म्हणजे वाळू आणि पाणी बाहेरच राहायचे. पावसातल्या मॉडेल गाड्यांचा मागोवा घ्यायचा तर मी या डब्यापासून सुरुवात करीन. तीनच वर्षे आधी याच कंपनीची पोर्शे ९३४ आली होती. ती कोरड्या, सपाट जागेवरची गाडी. ओल्या जमिनीवरही मुले खेळणार, हे गृहीत धरूनच सँड स्कॉर्चर बांधलेली दिसते.

त्याआधी डांबरी ट्रॅकवर एकास आठ मापाच्या इंजिनाच्या गाड्यांचे राज्य होते. त्यांना फोमचे टायर असत. कोरड्या डांबरावर फोमसारखी पकड नाही, पण पाऊस आला की तो पाणी पितो, जड होतो आणि चाकाचा तोल जातो. नक्षी नसल्यामुळे खालचे पाणी बाजूला सारायलाही काही नसते. अशा वेळी सामान आवरायचे, एवढाच मार्ग उरे.

खरी शाळा भरली ती ऐंशीच्या दशकात, ब्रिटनमध्ये. तिथे ऑफ-रोड शर्यती प्रामुख्याने गवतावर व्हायच्या आणि इंग्लंडातले गवत कोरडे मिळेलच याची खात्री कोणाला? तेव्हाचा स्पीड कंट्रोलर यांत्रिक होता. सर्वोने फिरवलेला धातूचा हात पट्ट्यांवरून सरकायचा आणि नको असलेली वीज एका रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जायची. हे सगळे उघड्यावर असल्याने चिखल त्या पट्ट्यांवर बसला की गाडी अडखळायची. रिसीव्हरसाठी लोकांनी साधा उपाय शोधला: वाढदिवसाच्या फुग्यात तो सरकवायचा आणि तारा बाहेर काढून तोंड घट्ट बांधायचे. चासिस आणि बॉडीमधली फट चिकटपट्टीने बंद व्हायची. याच मातीतून नॉर्थॅम्प्टनच्या शूमाकर कंपनीची 'कॅट' आली, पट्ट्यांनी चारही चाके फिरवणारी. १९८७ साली इंग्लंडमधल्याच रॉम्सी गावी जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा चारचाकी-चालन गटात जपानचा मासामी हिरोसाका 'कॅट एक्सएल' घेऊन जिंकला. घरच्या गवतावर घडलेली गाडी परक्या हातात जगज्जेती ठरली, याचे मला आजही अप्रूप वाटते.

मोटारीची गोष्ट वेगळी. ब्रश असलेली मोटार पाण्याने लगेच मरत नाही. उलट नवे ब्रश चटकन बसावेत म्हणून कित्येक जण ती मुद्दाम पाण्याच्या भांड्यात बुडवून कमी व्होल्टेजवर फिरवत. पण शर्यतीतले पाणी गाळाचे असते. कार्बनचा चिखल कम्युटेटरवर चढतो आणि संध्याकाळी मोटार उघडावीच लागते. पुढे ब्रशलेस मोटारी आल्या आणि ही कटकट मिटली. २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओने लांबलचक एरियल आणि क्रिस्टल दोन्ही घालवले, बंदिस्त स्पीड कंट्रोलर दुकानात तयार मिळू लागले. फुग्याची गरज संपली. (समुद्राच्या पाण्याची बाब मात्र वेगळी. अलिबाग किंवा दिवेआगरच्या ओल्या वाळूवर गाडी नेणाऱ्याने ती घरी येताच गोड्या पाण्याने हलकेच धुऊन नीट वाळवावी. मीठ तांब्याला आणि पोलादाला सोडत नाही.)

तरीही वीज सांभाळली म्हणजे पाऊस जिंकला, असे मी म्हणणार नाही. शर्यत ठरते टायरमध्ये. ऑफ-रोड टायर चाकावर चिकटवलेला असतो, आत फोमचा गाभा असतो आणि हवा खेळावी म्हणून चाकाला बारीक भोके ठेवतात. कोरड्यात हे उत्तम. ओल्यात त्याच भोकांतून पाणी शिरते, गाभा भिजतो आणि चाक हादरू लागते. म्हणून अनुभवी माणसे चाकाची भोके बुजवतात आणि टायरच्या रबरालाच भोके पाडतात. चाक वेगाने फिरले की केंद्रोत्सारी जोराने आतले पाणी तिथून बाहेर फेकले जाते. कोणत्या तरी चिखलाच्या मैदानावर कोणाला तरी हे सुचले असणार. इतकी नेमकी कल्पना या खेळात मला दुसरी दिसत नाही. नंतर पाणी न पिणारे बंद पेशींचे गाभे आले, पण भोकांची सवय अनेकांनी सोडली नाही.

डांबरावर मऊ रबराचे, नक्षीदार पावसाळी टायर आले. स्प्रिंग मऊ करायच्या, गाडी जमिनीपासून थोडी उचलायची, अँटी-रोल बार काढून टाकायचा, हे त्यासोबतचे धडे. सर्वांत महाग धडा पुढच्या चाकांच्या 'वन-वे'चा, म्हणजे एकाच दिशेने पकडणाऱ्या जोडणीचा होता. कोरड्या ट्रॅकवर ही वन-वे गाडीला वळणात मोकळे वळू देते, पण तिच्यामुळे ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. ओल्या डांबरावर ब्रेकला नुसते बोट लागले की गाडी गर्रकन फिरते. म्हणून वन-वे काढून तिथे डिफरन्शियल बसवायचा आणि ट्रिगर हळूहळू दाबायला शिकायचे. पावसात ताकदवान मोटारीचा फायदा जवळजवळ उरत नाही, हाताचा उरतो. माझ्या लेखी हा खेळ इथे सर्वांत सुंदर होतो.

गेल्या दीड दशकात मात्र शर्यती मोठ्या प्रमाणावर छपराखाली, गालिच्यावर आणि कृत्रिम गवतावर गेल्या. २०१५ ची ऑफ-रोड जागतिक स्पर्धा जपानच्या याताबे इथे कृत्रिम गवतावरच झाली. भरपूर पकड मिळू लागल्यावर बग्गीची मोटार मागून मधोमध सरकली, कारण मागच्या चाकांवर वजन टाकण्याची निकड उरली नाही. गाड्या वेगवान झाल्या, वेळापत्रके बिघडेनाशी झाली आणि क्लबांना हे हवेच होते. त्यांचे चुकले असे नाही. पण ज्याने फक्त गालिच्यावर गाडी चालवली, त्याला निसटणारे मागचे चाक बोटांनी पकडून धरणे कुठे शिकायला मिळणार? ब्रिटनमध्ये उघड्यावरचे कृत्रिम गवताचे ट्रॅक अजून आहेत आणि तिथे पावसातही बारीक काट्यांच्या टायरवर फेऱ्या होतात. नवख्या मुलांना तिथे न्यायला हवे, तेही ढग पाहून परत न फिरता.

या साऱ्या वर्षांत एका भागाला कोणाचाही उपाय पुरला नाही: बेअरिंग. रबरी सील लावा, धातूचे लावा, पाणी शिरतेच आणि पोलाद एका रात्रीत गंजू शकते. म्हणून ओल्या शर्यतीनंतर चाके उतरवायची, कॉम्प्रेसरने पाणी उडवायचे, पाणी हटवणारा स्प्रे मारायचा आणि वर नवे तेल सोडायचे. नुसता स्प्रे मारून गाडी पेटीत ठेवली तर पुढच्या रविवारी चाक करकरत फिरते.