गीझरची टाकी गळण्याआधी आतला हा दांडा बघून घ्या

तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं आणि गीझर हल्ली पाणी तापवायला जास्त वेळ घेतोय? मग कॉइलवर क्षार चढले असणार. बादलीच्या कडेला जमतो तोच हा पांढरा थर. जड पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट वेगळं होऊन कॉइलला चिकटतं. वीज जास्त लागते आणि उष्णता अडकून शेवटी कॉइल जळते.

पण टाकीत आणखी एक भाग झिजत असतो, जो आपण कधी पाहिलेलाच नसतो. तो म्हणजे अ‍ॅनोड रॉड, मॅग्नेशियमचा दांडा. मॅग्नेशियम लोखंडाच्या आधी गंजतं, त्यामुळे दांडा झिजतो आणि पोलादी टाकी वाचते. दांडा संपला की गंज टाकीला लागतो. कॉइल बदलता येते. गळकी टाकी बहुधा भंगारातच जाते. म्हणून सर्व्हिसिंगवाल्याला नुसते क्षार काढून जाऊ देऊ नका, ‘रॉड दाखवा’ म्हणा. आतली तार उघडी पडली असेल तर नवा बसवायचा. जड पाणी असेल तर ही तपासणी दरवर्षी करा.

आणि हो, सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून तिथे बूच मारू नका! तापलेलं पाणी प्रसरण पावतं, तो दाब तिथूनच बाहेर पडतो. थर्मोस्टॅट बिघडला तर टाकी फुटू न देणारी वाट तीच. सतत धार लागली असेल तर मात्र मेन स्विच बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा.